ओळखपत्रावरची एक ओळ : रवांडा, १९९४

१९९४ च्या एप्रिल महिन्यात रवांडाभर तुत्सी या अल्पसंख्याक समूहाची कत्तल सुरू झाली, तरी देशाच्या दक्षिणेकडचा बुतारे जिल्हा पुढचे जवळजवळ दोन आठवडे बराचसा टिकून राहिला. कडेच्या गावांत हल्ले झाले, पण शेजारच्या जिल्ह्यांतून जीव वाचवून पळालेले लोक बुतारेतच आसरा शोधत होते. जिल्हाप्रमुख झां-बाप्तिस्त हब्यालिमाना हे त्या पदावरचे देशातले एकमेव तुत्सी. हाताखालच्या अधिकाऱ्यांना धरून त्यांनी जिल्हा आवरून ठेवला होता. मग त्यांना पदावरून काढल्याची बातमी रेडिओवर आली. १९ एप्रिलला अंतरिम राष्ट्राध्यक्ष थेओदोर सिंदिकुब्वाबो, जे स्वतः त्याच जिल्ह्यातले, बुतारेत येऊन अधिकाऱ्यांच्या सभेत बोलले. ‘हे आपले काम नव्हे’ म्हणत बाजूला बसलेल्यांनी वाट मोकळी करावी, असा त्या भाषणाचा रोख होता. सभेतल्या प्रत्येकाला ‘काम’ म्हणजे काय ते कळत होते. दुसऱ्याच दिवशी वृद्ध माजी राणी रोझाली गिकांदा यांची हत्या झाली. त्यानंतर शहर, विद्यापीठ, इस्पितळ, चर्च यांतले काहीच सुटले नाही. हब्यालिमानांनाही पुढे ठार मारण्यात आले.

त्या दोन-तीन दिवसांत बुतारेच्या लोकांच्या मनातला द्वेष अचानक वाढला नव्हता. जिल्ह्याचा प्रमुख बदलला होता.

रवांडाचा वंशसंहार समजून घ्यायला ही घटना फार उपयोगी आहे. त्या वेळी जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला टोळ्यांचे पिढ्यानपिढ्यांचे वैर म्हटले. पण वैर जर इतके जुने आणि खोल होते, तर बुतारेत ते दोन आठवडे वरच्या आदेशाची वाट पाहत का थांबले? शंभर दिवसांत किमान पाच लाख, बहुतेक अंदाजांनुसार आठ लाखांच्या आसपास आणि रवांडा सरकारच्या गणनेप्रमाणे दहा लाखांहून अधिक माणसे मारली गेली. देशातल्या सुमारे तीन चतुर्थांश तुत्सींचा त्यात अंत झाला. एवढे मोठे हत्याकांड नुसत्या रागाने होत नाही. त्याला यादी लागते, बैठक लागते, नाक्यावरचा पहारा लागतो आणि रोज सकाळी लोकांना बाहेर काढणारा कोणीतरी लागतो.

एक भाषा, एकच टेकडी

हुतू, तुत्सी आणि संख्येने फारच थोडे असलेले त्वा हे रवांडातले तीन समूह. तिघांची भाषा एकच, किन्यारवांडा. देव एकच, आणि मिशनरी आल्यावर चर्चही एकच. त्यांच्या वस्त्या वेगळ्या नव्हत्या; एकाच टेकडीच्या उतारावर शेजारी-शेजारी घरे असत. तुत्सी प्रामुख्याने गुरे पाळणारे आणि राजदरबाराच्या जवळचे, हुतू प्रामुख्याने शेती करणारे. पण हा फरक काही प्रमाणात ऐपतीचाही होता. गुरे वाढली, दरबारी वजन वाढले, की हुतू घराण्याला वर सरकता येई. आपसांत लग्ने होत आणि मूल बापाच्या समूहाचे मानले जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजा रुवाबुगिरीने राज्य विस्तारले, वेठ आणि कर वाढवले, तेव्हाच हुतू-तुत्सी हा भेद बोचू लागला होता. वासाहतिक सत्तेने त्याला वंशाचे रूप दिले. जॉन हॅनिंग स्पीक या ब्रिटिश प्रवाशाने १८६३ मध्ये आपल्या पुस्तकात एक कल्पना मांडली होती : मध्य आफ्रिकेतली सुसंघटित राज्ये इथिओपियाकडून आलेल्या, उंच, जवळजवळ गोऱ्या म्हणाव्यात अशा लोकांनी स्थापली असणार. आधी जर्मनांनी आणि १९१६ नंतर बेल्जियनांनी ही कल्पना रवांडात राबवली. नाकांची लांबी मोजली, उंच्या मोजल्या आणि ठरवले, की तुत्सी हे जन्मजात राज्यकर्ते. हुतू सरदारांना पदावरून काढून तिथे तुत्सी बसवले गेले. १९५९ पर्यंत देशातल्या ४५ सरदारांपैकी ४३ तुत्सी होते. सामान्य तुत्सी शेतकऱ्याला यातून काहीच मिळाले नाही, पण वेठीची सक्ती करणारा चेहरा तुत्सी आहे, एवढे हुतू शेतकऱ्याच्या मनात पक्के बसले.

१९३३-३४ मध्ये बेल्जियनांनी शिरगणती करून प्रत्येक प्रौढाच्या हाती ओळखपत्र दिले. त्यावर नाव, गाव आणि एक ओळ : हुतू, तुत्सी किंवा त्वा. आता गुरे घेऊन वा गमावून कोणी इकडचा तिकडे होऊ शकत नव्हता. साठ वर्षांनी रस्त्यावरच्या नाक्यांवर हीच ओळ वाचून माणसाचे जगणे-मरणे ठरणार होते.

सत्ता उलटली, ओळ तीच राहिली

१९५० च्या दशकात शिकलेल्या तुत्सींनी स्वातंत्र्य मागायला सुरुवात केली, तेव्हा बेल्जियन प्रशासनाने आणि चर्चमधल्या अनेकांनी बाजू बदलली. हुतू बहुसंख्याकांचे नेते त्यांना जवळचे वाटू लागले. १९५७ मध्ये नऊ हुतू सुशिक्षितांनी जाहीरनामा काढला. बहुजनांवरच्या अन्यायाची त्यातली तक्रार खरी होती. पण ओळखपत्रावरची वंशाची नोंद काढू नये, अशीही त्यांची मागणी होती. अन्यायाची भाषा आणि वंशाची भाषा इथे एकमेकांत मिसळली आणि पुढे कधी सुटी झालीच नाही.

१९५९ च्या नोव्हेंबरमध्ये दंगली उसळल्या. १९६१ मध्ये राजेशाही संपली, १ जुलै १९६२ ला देश स्वतंत्र झाला आणि ग्रेग्वार कायिबांदा पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. मोठ्या संख्येने तुत्सी बुरुंडी, युगांडा, टांझानिया, काँगो इथे पळाले. त्यांच्यातल्या काही सशस्त्र गटांनी सीमेवरून हल्ले केले, की आत राहिलेल्या तुत्सींवर सूड उगवला जाई. १९६३ च्या डिसेंबरातल्या अशा एका हल्ल्यानंतर काही आठवड्यांत हजारो निरपराध तुत्सी मारले गेले आणि त्यासाठी कोणालाही गंभीर शिक्षा झाली नाही. बाहेरून धोका आला की आतल्या शेजाऱ्याने किंमत मोजायची, हा प्रघात तेव्हा पडला. उलट बाजूनेही आगीत तेल पडत होते. शेजारच्या बुरुंडीत सत्ता तुत्सी लष्कराकडे होती आणि १९७२ मध्ये तिथे शिकलेल्या हुतूंना वेचून मारण्यात आले. त्यातले पळून आलेले लोक रवांडात भीतीच्या कहाण्या घेऊन आले, आणि त्या खोट्या नव्हत्या.

१९७३ मध्ये जनरल जुवेनाल हब्यारिमाना बंड करून सत्तेवर आले. एकच पक्ष, जन्मतःच प्रत्येक नागरिक त्याचा सदस्य. जिल्ह्याखाली कम्यून, कम्यूनखाली विभाग, त्याखाली वस्ती आणि दर दहा घरांमागे एक जबाबदार माणूस, अशी उतरंड उभी राहिली. गावात पाहुणा आला तरी वर कळे. ‘उमुगांदा’ नावाचे सामुदायिक श्रमदान सक्तीचे होते. रस्ता बांधणे, चर खोदणे, झाडे लावणे यांसाठी बोलावणे आले की कोयता-कुदळ घेऊन जायचे. परदेशी मदतसंस्थांना ही शिस्त फार आवडे. रवांडा हा आफ्रिकेतला आदर्श गरीब देश म्हणून ओळखला जाई.

जमीन, कॉफी आणि युद्ध

१९८० च्या दशकाच्या अखेरीस या शिस्तीखालची जमीन सरकू लागली. सुमारे २६ हजार चौरस किलोमीटरच्या देशात सत्तर लाखांवर माणसे होती आणि नव्वद टक्क्यांहून अधिक शेतीवर जगत होती. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार कोलमडला आणि कॉफीचा भाव निम्म्यावर आला. परकीय चलनाचा मुख्य झरा आटला. त्याच सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. १९९० मध्ये जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या अटींप्रमाणे चलनाचे अवमूल्यन झाले. वायव्येकडच्या कनामा कम्यूनचा दोन संशोधकांनी या काळात बारकाईने अभ्यास केला. तिथे जमिनीचे तुकडे इतके लहान झाले होते, की तरुणांना वेगळे घर मांडून लग्न करणे परवडत नव्हते आणि बापलेक, भाऊभाऊ जमिनीवरून कोर्टात जात होते. त्या भागात तुत्सी जवळजवळ नव्हतेच, तरीही १९९४ मध्ये तिथली सुमारे पाच टक्के माणसे मारली गेली. हुतूंनीच हुतूंना मारले. ज्यांच्याकडे जमीन जास्त होती, ज्यांच्याशी जुने भांडण होते, असे बळी त्यांत बरेच होते.

पण भुकेने वंशसंहार होतो असे म्हणणे घाईचे ठरेल. जगात याहून गरीब आणि दाटीचे प्रदेश आहेत. दारिद्र्याने भुरटी लूट आणि चिडलेले तरुण पुरवले. त्यांना दिशा देण्यासाठी युद्ध लागले.

१ ऑक्टोबर १९९० ला युगांडातून रवांडा देशभक्त आघाडीचे सैन्य सीमा ओलांडून आले. हे बहुतेक १९५९ नंतर पळालेल्यांची मुले. निर्वासित छावण्यांत वाढलेली, युगांडाच्या योवेरी मुसेवेनींच्या बंडखोर सेनेत लढलेली. मायदेशी परतायचे तर ‘देशात जागा नाही’ एवढेच उत्तर त्यांना राजधानी किगालीकडून मिळत आले होते. पुढे त्यांचे नेतृत्व पॉल कागामे यांच्याकडे आले. फ्रान्सने हब्यारिमाना सरकारच्या मदतीला सैनिक आणि शस्त्रे पाठवली. शीतयुद्ध संपल्यामुळे बहुपक्षीय लोकशाहीचा दबावही त्याच वेळी आला. युद्ध, मंदी आणि सत्ता जाण्याची भीती एकाच वेळी समोर आल्यावर राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीच्या माहेरच्यांभोवती जमलेल्या कोंडाळ्याने सोपा मार्ग निवडला : प्रत्येक तुत्सी हा शत्रूचा हस्तक आहे, असे सांगत सुटायचे.

तयारी

तयारी उघड्यावर चालली होती. १९९० च्या डिसेंबरमध्ये ‘कांगुरा’ या नियतकालिकाने हुतूंसाठी दहा आज्ञा छापल्या. तुत्सी स्त्रीशी लग्न करणारा, तुत्सीशी धंदा करणारा हुतू गद्दार ठरवला गेला. १९९२ च्या मार्चमध्ये सरकारी रेडिओने हुतू पुढाऱ्यांच्या हत्येचा कट उघड झाल्याची खोटी बातमी दिली आणि बुगेसेरा भागात शेकडो तुत्सी मारले गेले. हे परदेशी नभोवाणीला कळवणाऱ्या अंतोनिया लोकातेली या इटालियन सेविकेलाही गोळी घातली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लिओन मुगेसेरा या पक्षनेत्याने कबाया इथल्या सभेत तुत्सींना न्याबारोंगो नदीच्या जवळच्या वाटेने इथिओपियाला परत पाठवण्याची भाषा केली. स्पीकची शतकापूर्वीची कल्पना इथे धमकी होऊन आली. दीड वर्षाने त्या नदीतून वाहत गेलेली हजारो प्रेते व्हिक्टोरिया सरोवराच्या युगांडाकडच्या काठाला लागली.

१९९३ च्या जुलैत ‘रेडिओ मिल कोलिन’ सुरू झाला. सरकारी रेडिओ कंटाळवाणा होता. याच्यावर काँगोची झकास गाणी, चावट विनोद, श्रोत्यांचे फोन. तरुण कानाला ट्रान्झिस्टर लावून फिरत. गाण्यांच्या मधूनमधून तुत्सींना झुरळे म्हटले जाई आणि नावे घेतली जात. त्याच काळात सत्ताधारी पक्षाच्या ‘इंटराहाम्वे’ या युवक दलाला लष्कराकडून शस्त्रांचे शिक्षण मिळत होते. १९९३ च्या जानेवारीपासून १९९४ च्या मार्चपर्यंत सुमारे ५८१ टन कोयत्यांची आयात झाली. शेतकऱ्यांच्या देशात कोयते आले तर कोणाला शंका येणार?

दरम्यान ऑगस्ट १९९३ मध्ये टांझानियातल्या अरुशा इथे सरकार आणि देशभक्त आघाडीत शांतता करार होऊन सत्ता आणि सैन्य वाटून घ्यायचे ठरले. देखरेखीसाठी संयुक्त राष्ट्रांची सुमारे अडीच हजारांची शांतिसेना आली. कॅनडाचे जनरल रोमेओ दालेर तिचे प्रमुख. पण ऑक्टोबरात बुरुंडीचे पहिले निवडून आलेले हुतू राष्ट्राध्यक्ष मेल्किओर न्दादाये यांना तुत्सी सैनिकांनी मारले आणि कराराला विरोध करणाऱ्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. ११ जानेवारी १९९४ ला दालेरनी न्यूयॉर्कला संदेश पाठवला : युवक दलातल्या एका खबऱ्याच्या सांगण्यानुसार किगालीतल्या तुत्सींच्या याद्या तयार होत आहेत आणि वीस मिनिटांत हजार माणसे मारण्याची क्षमता तयार झाली आहे; शस्त्रसाठ्यांवर छापा घालू द्या. परवानगी नाकारण्यात आली. माहिती राष्ट्राध्यक्ष हब्यारिमानांना द्या, असे वरून सांगण्यात आले.

शंभर दिवस

६ एप्रिलच्या रात्री हब्यारिमाना आणि बुरुंडीचे राष्ट्राध्यक्ष सिप्रियान न्तार्यामिरा यांचे विमान किगालीवर उतरताना क्षेपणास्त्राने पाडले गेले. ते कोणी पाडले यावर वाद आजही संपलेला नाही. पुढे काय झाले यावर मात्र वाद नाही. काही तासांत राजधानीत नाके उभे राहिले आणि यादी हातात घेऊन अध्यक्षीय रक्षक दल घरोघर गेले. पहिल्या बळींत हुतूही होते : पंतप्रधान अगात उविलिंगियिमाना, घटनात्मक न्यायालयाचे प्रमुख, विरोधी पक्षांचे मंत्री. जे ‘नाही’ म्हणू शकले असते, त्यांना आधी बाजूला केले. पंतप्रधानांच्या रक्षणाला दिलेले दहा बेल्जियन सैनिकही मारले, म्हणजे बेल्जियम सैन्य काढून घेईल. तसेच झाले. कर्नल थिओनेस्ट बागोसोरा यांच्या पुढाकाराने नवे अंतरिम सरकार बसले.

त्यानंतर उतरंड कामाला लागली. जिल्हाप्रमुखाने कम्यूनच्या प्रमुखांना बोलावले, त्यांनी विभागाच्या लोकांना, त्यांनी दहा घरांच्या म्होरक्याला. पुरुषांनी सकाळी जमायचे, कुठल्या टेकडीवर जायचे ते ठरायचे, संध्याकाळी परतताना लूट वाटून घ्यायची : गाय, छपराचे पत्रे, कौले, पुढे जमीन. न येणाऱ्याला दंड, मार किंवा त्याहून वाईट. श्रमदानाची सवय असलेल्या गावांत बोलावण्याची पद्धत तीच होती, हत्यारही तेच.

जुन्या दंगलींत चर्चमध्ये शिरलेला माणूस वाचत असे. म्हणून तुत्सी चर्चकडे धावले, आणि काही ठिकाणी अधिकाऱ्यांनीच त्यांना तिथे जायला सांगितले. न्यारुबुये, न्तारामा, न्यामाता इथली चर्चे अशी सापळे झाली. न्यांगे इथे आत सुमारे दोन हजार माणसे असताना चर्च बुलडोझरने पाडण्यात आले. त्या चर्चचे धर्मगुरू अथनास सेरोंबा यांना पुढे जन्मठेप झाली. मुरांबीत बांधकाम सुरू असलेल्या तंत्रशाळेत हजारोंना गोळा करून त्यांचे पाणी आणि अन्न तोडले, मग हल्ला केला. बिसेसेरोच्या डोंगरावर तुत्सींनी दगड आणि भाले घेऊन दोन महिन्यांहून अधिक काळ झुंज दिली. जूनच्या अखेरीस फ्रेंच सैनिक तिथे पोचले, त्यांना पाहून लपलेले लोक बाहेर आले, आणि सैनिक परत येतो सांगून निघून गेले. ते तीन दिवसांनी आले. तेवढ्यात शेकडो माणसे मारली गेली होती.

दूरच्या खुर्च्या

किगालीतल्या एका तंत्रशाळेत सुमारे दोन हजार लोक बेल्जियन शांतिसैनिकांच्या आश्रयाला होते. ११ एप्रिलला परदेशी नागरिकांना हलवण्यासाठी सैनिक निघून गेले आणि बाहेर टपलेले मारेकरी आत शिरले. २१ एप्रिलला, बुतारेत कत्तल भरात असताना, सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० जणांपर्यंत घटवण्याचा ठराव केला. त्या परिषदेत त्या वर्षी रवांडा सरकारचाही प्रतिनिधी सदस्य म्हणून बसत होता.

सोमालियात आदल्या ऑक्टोबरमध्ये १८ अमेरिकन सैनिक मारले गेल्याने वॉशिंग्टनला आफ्रिकेत पाय अडकवायचा नव्हता. वंशसंहार म्हटले तर १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारानुसार काहीतरी करावे लागेल, म्हणून तो शब्दच टाळला गेला. रेडिओ मिल कोलिनचे प्रक्षेपण बंद पाडण्याचा प्रस्ताव आला, तर त्यासाठीच्या विमानाच्या उड्डाणाला तासाला साडेआठ हजार डॉलर लागतात हे एक कारण पुढे करण्यात आले. पाच हजार सुसज्ज सैनिक मिळाले असते तर बहुतेक जीव वाचले असते, असे दालेर पुढे सांगत राहिले. इतक्या झपाट्याने ते शक्य होते का, याबद्दल काही अभ्यासकांना शंका आहे. पण असलेले सैनिक काढून घेतल्याने मारेकऱ्यांना मिळालेला संदेश स्पष्ट होता. शांतिसेनेतलेच सेनेगलचे कॅप्टन म्बाये दियान्य निःशस्त्र असताना नाक्यांवरून थट्टामस्करी करत, सिगारेटी वाटत गाडीतून माणसे सोडवून नेत होते. त्यांनी शेकडोंना वाचवले असे मानतात. ३१ मे रोजी एका नाक्यावर तोफगोळा फुटून ते मरण पावले.

४ जुलैला देशभक्त आघाडीने किगाली घेतली आणि त्या महिन्यातच कत्तल थांबली. वाटेत आघाडीच्या सैन्यानेही हजारो हुतू नागरिकांना मारले. त्या हत्या वंशसंहाराच्या तोलाच्या नव्हत्या, पण त्यांची दखल फार थोडी घेतली गेली.

मारणारे कोण होते?

राज्यशास्त्रज्ञ स्कॉट स्ट्राउस यांनी गुन्हा कबूल केलेल्या २१० कैद्यांशी सविस्तर बोलून अभ्यास केला. बहुतेक शेतकरी, लग्न झालेले, मुलाबाळांचे बाप. अनेकांचे तुत्सी शेजाऱ्यांशी चांगले संबंध होते, काहींच्या घरात तुत्सी सुना होत्या. तुत्सींबद्दलचा टोकाचा द्वेष हे मुख्य कारण थोड्यांनीच दिले. युद्धात आपणच मारले जाऊ ही भीती, बरोबरच्या पुरुषांचा दबाव आणि ‘सरकारचा हुकूम आहे’ ही खात्री, ही कारणे वारंवार आली. त्यांच्या अंदाजाने प्रत्यक्ष मारणारे पावणेदोन ते दोन लाखांच्या आसपास, म्हणजे प्रौढ हुतू पुरुषांतले सुमारे १४ ते १७ टक्के. ही संख्या भयंकर आहे. तरीही बहुतेक पुरुषांनी कोणाला मारले नाही, हेही तीच संख्या सांगते. संपूर्ण समाज रानटी झाला, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

रेडिओचेही असेच आहे. ज्या गावांत त्याच्या लहरी पोचत होत्या, तिथे आणि जिथे डोंगराआड पोचत नव्हत्या तिथे, अशी तुलना अर्थशास्त्रज्ञ दाविद यानागिझावा-द्रोत यांनी केली. एकूण हिंसेचा सुमारे दहावा हिस्सा त्या प्रसारणामुळे घडला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दहावा हिस्सा म्हणजे हजारो माणसे. पण बाकीचा हिस्सा नुसत्या ऐकण्याने झाला नाही. त्याला प्रत्यक्ष दारात येऊन बोलावणारा माणूस होता.

तबा कम्यूनचे प्रमुख झां-पॉल अकायेसू यांचे उदाहरण पाहावे. शिक्षक म्हणून काम केलेला हा लोकप्रिय माणूस. सुरुवातीला त्यांनी हल्लेखोरांना विरोध केला. १८ एप्रिलला अंतरिम सरकारने कम्यूनप्रमुखांची बैठक घेतली. त्यानंतर अकायेसू बदलले आणि त्यांच्याच कार्यालयाच्या आवारात आश्रयाला आलेल्या स्त्रियांवर बलात्कार होऊ लागले.

उरलेले

बलात्कार हे या संहाराचे नियोजित अंग होते. संयुक्त राष्ट्रांच्या विशेष अधिकाऱ्याने १९९६ मध्ये अडीच ते पाच लाख स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा अंदाज दिला. अनेकींना एचआयव्हीची लागण झाली. काहींना मुले झाली. पुढे या मुलांनी बाप कोण विचारले, तेव्हा आईने काय सांगायचे? कित्येक आयांनी वर्षानुवर्षे सांगितले नाही. मुलांना वाचलेल्यांसाठीच्या निधीतून मदत मिळण्यातही अडचण होती, कारण त्यांचा जन्म संहारानंतरचा.

युनिसेफने १९९५ मध्ये सुमारे तीन हजार मुलांची पाहणी केली. जवळजवळ ८० टक्के मुलांच्या घरातले कोणीतरी मेले होते, सुमारे ७० टक्के मुलांनी माणूस मारला वा जखमी केला जाताना पाहिला होता आणि दहातल्या नऊ मुलांना आपण मरणार असे वाटले होते. दहा-बारा वर्षांची पोरे घरकर्ती झाली, लहान भावंडांना वाढवू लागली. १९९५ मध्ये विधवांनी ‘अवेगा’ ही संघटना उभारली. घर, औषधे, कोर्टात साक्षीला जाताना सोबत, असे तिचे काम होते. नवरा गेला आणि जमीन कायद्याने मुलीच्या नावावर होत नाही, अशा हजारो बायकांचा प्रश्न इतका मोठा होता की १९९९ मध्ये वारसा कायदा बदलून मुलींना हक्क देण्यात आला.

परिणाम देशाच्या हद्दीत राहिले नाहीत. पराभूत सरकार, सैन्य आणि इंटराहाम्वे वीस लाखांच्या लोंढ्यातून काँगो, टांझानियाकडे निसटले. काँगोतल्या गोमाच्या छावण्यांत कॉलऱ्याने काही आठवड्यांत हजारो माणसे मेली, आणि मदतीचे धान्य वाटण्याचे काम मारेकऱ्यांच्याच पुढाऱ्यांच्या हातात राहिले. तिथून हल्ले सुरू झाल्यावर १९९६ मध्ये रवांडाच्या सैन्याने काँगोत घुसून छावण्या मोडल्या. त्यात बायका-मुलांसह असंख्य निर्वासित मारले गेल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या अहवालात नोंदले आहे. १९९७ मध्ये काँगोचे हुकूमशहा मोबुतू यांची सत्ता पडली आणि पूर्व काँगोतले युद्ध तेव्हापासून पुन्हा पुन्हा पेटत राहिले. २०२५ च्या जानेवारीत रवांडाचा पाठिंबा असलेल्या एम-२३ बंडखोरांनी गोमा घेतले, तेव्हाही कारण म्हणून जुन्या मारेकऱ्यांच्या वारसांचे नाव पुढे होतेच.

न्याय

अरुशात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण बसले. २ सप्टेंबर १९९८ ला अकायेसूंना दोषी ठरवण्यात आले. वंशसंहारासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेला तो पहिलाच निकाल, आणि बलात्कार हा वंशसंहाराचा भाग असू शकतो हे मान्य करणाराही पहिलाच. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेख नव्हता. साक्ष देणाऱ्या स्त्रियांच्या बोलण्यातून तो पुढे आला. डर्बनच्या तमिळ कुटुंबातल्या न्यायमूर्ती नवी पिल्ले यांनी नेमके प्रश्न विचारून तो धागा सोडला नाही. दोन दिवसांनी गुन्हा कबूल केलेले, अंतरिम सरकारचे माजी पंतप्रधान झां कंबांदा यांना जन्मठेप झाली. कुटुंब व महिला कल्याण खात्याच्या मंत्री पोलिन न्यिरामासुहुको यांना २०११ मध्ये शिक्षा झाली. बुतारेत स्त्रियांवरच्या अत्याचारांना त्यांनीच चिथावणी दिली होती.

पण अरुशाने दोन दशकांत शंभराहून कमी जणांवर आरोप ठेवले. रवांडाच्या तुरुंगांत सव्वा लाखावर संशयित कोंबलेले होते. नेहमीच्या कोर्टांनी खटले चालवायला शतक लागले असते. म्हणून गावच्या पंचायतीची जुनी ‘गचाचा’ पद्धत कायद्याने नव्याने बांधली गेली. २००५ पासून देशभर सुमारे बारा हजार गचाचा आठवड्यातून एकदा भरू लागल्या. गावानेच निवडलेले पंच, उघड्यावर बसलेले गाव, समोर आरोपी. कबुली दिली, प्रेत कुठे पुरले ते सांगितले, तर शिक्षा कमी. २०१२ पर्यंत एकोणीस लाखांहून अधिक प्रकरणे निकालात निघाली. हजारो घरांना आपल्या माणसाची हाडे सापडली. त्याच वेळी वकिलाविना खटले झाले, जुन्या भांडणांतून खोट्या साक्षी दिल्या गेल्या, साक्षीदारांचे खून झाले. देशभक्त आघाडीच्या सैनिकांनी केलेल्या हत्या गचाचाच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या, त्यामुळे अनेक हुतू घरांना आपले मृत कुठेच मोजले गेले नाहीत असे वाटत राहिले.

शिक्षा भोगून सुटलेला माणूस पुन्हा त्याच टेकडीवर येतो. पाण्याला तीच वाट, बाजार तोच, चर्चही तेच. ज्याने भाऊ मारला त्याच्याकडून कुदळ उसनी घ्यावी लागते, कारण दुसरे घर जवळ नाही. बाहेरचे लोक याला क्षमा म्हणतात. वाचलेल्यांतले अनेक जण त्याला नाइलाज म्हणतात.

नकाराची जागा

आजच्या रवांडाच्या ओळखपत्रावर ती ओळ नाही. हुतू-तुत्सी असा जाहीर उल्लेख करणे धोक्याचे आहे आणि ‘वंशसंहारी विचारसरणी’ विरुद्धचा कायदा इतका सैल शब्दांत लिहिला गेला, की पत्रकार आणि विरोधकही त्यात सापडले. पॉल कागामे २००० पासून राष्ट्राध्यक्ष आहेत. २०२४ मध्ये त्यांना ९९ टक्के मते पडल्याचे जाहीर झाले. रस्ते स्वच्छ आहेत, आरोग्यविमा बहुतेकांपर्यंत पोचला आहे, २०१३ च्या निवडणुकीत संसदेत ६४ टक्के स्त्रिया निवडून आल्या. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी अख्खा देश उमुगांदासाठी बाहेर पडतो. राज्ययंत्रणा आजही शेवटच्या घरापर्यंत पोचते. हब्यारिमानांच्या काळातली ती उतरंड आता लसीकरण आणि रस्तेबांधणीसाठी वापरली जाते, आणि हा बदल खराच मोठा आहे.

तरी १९९४ चा खरा धडा या यंत्रणेच्या ताकदीबद्दल नसून तिच्या एका उणिवेबद्दल आहे. वरून आलेल्या आदेशाला नाही म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला तिच्यात जागा नव्हती. उत्तरेकडच्या गिती कम्यूनमध्ये वंशसंहार झाला नाही, कारण तिथल्या प्रमुखाने तो सुरू होऊ दिला नाही आणि त्याला काढून टाकण्यापूर्वी देशभक्त आघाडीचे सैन्य तिथे पोचले. इतरत्र तेवढा वेळ मिळाला नाही. संस्था, न्यायालय, विरोधी पक्ष, मोकळे वृत्तपत्र, आदेश बेकायदेशीर आहे म्हणून थांबणारा फौजदार, या सगळ्या गोष्टी शांततेच्या काळात कामे खोळंबवतात आणि शिस्तप्रिय राज्यकर्त्यांना त्या नकोशा वाटतात. पण द्वेष प्रत्येक समाजात थोडाफार असतोच, आणि तो पेटवू पाहणारा पुढारीही कधीतरी येतोच. त्या दिवशी समाज वाचतो तो असा नकार देणारी माणसे पदावर आहेत आणि त्यांना रातोरात हटवता येत नाही, यामुळे. रवांडात अशी माणसे होती. पण त्यांना पदावर टिकवून धरणारे, त्यांच्या नकाराच्या पाठीशी उभे राहणारे काहीही नव्हते.